पाणी पिणारा दगड

निकानोरा दगडाला जीभ लावून बघायची. पाल्कामायुच्या बाजारात याचं कुणाला नवल वाटत नसे. तिचा बाप एमेतेरियोही तेच करायचा. नदीतल्या गोट्यांतून वरवंटा निवडायचा तर कच्चा दगड जिभेला चिकटतो आणि पक्का चिकटत नाही, इतका साधा हिशेब होता. बाप गेल्यावर तिनं तोच धंदा चालू ठेवला होता. नदीत उतरायचं, गोटे शोधायचे, टाकीनं एक बाजू घडवायची आणि रविवारी बाजारात पोत्यावर मांडून बसायचं.

त्या रविवारी फाउस्तिना फडक्यात गुंडाळलेला एक वरवंटा घेऊन आली आणि तिनं तो निकानोराच्या पुढ्यात आपटला. फाउस्तिनाची बाजाराच्या तोंडाशी खानावळ होती. ती दुपारी सूप आणि उकडलेले बटाटे विकायची, आणि बटाट्यांबरोबर ल्याहुआची तिखट चटणी द्यायची. त्यासाठी टोमॅटो, लोकोतो मिरची आणि किल्किन्याचा पाला तिला रोज सकाळी पाट्यावर वाटावा लागे. निकानोरानं सवयीनं दगड उचलला आणि विचार न करता जीभ लावली.

आधी कडवट, ओशट चव आली. मग तिच्याखालून हळूहळू दुसरंच काहीतरी वर आलं. खारट, खवट, कधीच न धुतलेल्या खाटकाच्या ओंडक्यासारखं. ती बाजूला वळून थुंकली. परत थुंकली. मग एप्रनच्या टोकानं जीभ खसाखसा पुसली, तरी ती चव टाळूला धरूनच राहिली.

"कळली ना चव?" फाउस्तिना म्हणाली. "गेला आठवडाभर मी हीच गिऱ्हाइकांना खायला घालतेय. काल एका ट्रकवाल्यानं घास ताटातच थुंकला. म्हणतो कसा, दोन्या फाउस्तिना, मिरचीबरोबर नदीपण वाटलीस का?"

"हा घेतलास कुठून?"

"आता मलाच विचार. तुझ्या जावयाकडून घेतला. म्हणाला, सासूबाईंच्या हातचा आहे, डोळे मिटून घ्या. घेतला मी डोळे मिटून."

निकानोरानं गोटा उन्हात धरला. काळाभोर, गुळगुळीत, चकचकीत. तिनं अंगठ्याच्या नखानं एका कडेला खरवडलं. नखात काळं मेण आलं आणि खाली सोललेल्या गुडघ्यासारखा लाल दगड उघडा पडला. तिनं बाटलीतलं पाणी आधी आपल्या पोत्यावरच्या एका राखाडी गोट्यावर टाकलं. थेंब तिथं टपोरा बसून राहिला. मग ह्या लाल जागेवर टाकलं. थेंब दिसेनासा झाला, आतून कुणी ओढून घेतल्यासारखा.

दोन्ही वाळूचेच दगड. फरक वाळूत नव्हता, ती कशानं धरून ठेवली होती त्यात होता. राखाडी गोटे वरच्या डोंगरांतून लांबून गडगडत येत. त्यांच्यातला कण कणाला असा जोडलेला की फोडला तर कण मधोमध तुटतो आणि भंगलेली बाजू काचेसारखी चमकते. वाटेत जे फुटायचं ते फुटून गेलेलं असतं, खाली पोचतो तो टिकणारा. लाल गोटे मात्र गावालगतच्या कड्यांचे. तांबड्या मातीनं कसेबसे चिकटलेले. ते चटकन गोल होतात, दिसायला देखणे असतात, पण दोन एकमेकांवर घासले की त्यांची वाळू व्हायला लागते. आणि ते पाणी पितात. जे पाणी असेल ते पितात.

लाल गोट्यांचा सगळ्यात मोठा साठा कुठं आहे हे निकानोराला पक्कं ठाऊक होतं. खाटीकखान्यामागचा ओढा नदीला मिळतो तिथं. रक्त, आतड्यांचं धुवण, शेण, सगळं त्याच ओढ्यानं खाली येई. ती स्वतः त्या जागी कधी पायसुद्धा बुडवत नसे.

ती परत एकदा थुंकली.

"हा माझा नाही," ती म्हणाली. तिनं पोत्यावरचा सगळ्यात चांगला गोटा उचलून फाउस्तिनाच्या हातात दिला. "हा ने. पाटा मिठानं आणि राखेनं घास. गरम पाणी ओत. परत घास."

"आणि गेला आठवडाभर माणसांच्या पोटात गेलं त्याचं काय?"

निकानोरानं तो काळा वरवंटा फडक्यात गुंडाळला, दुकान तसंच टाकलं आणि लेकीच्या घराची वाट धरली.

नेल्वाचं घर गावाबाहेर मोठ्या रस्त्याला होतं. नवरा विल्बेर सरहद्दीकडचा. द्राक्षं भरायला ट्रक घेऊन आला आणि इथलाच होऊन राहिला. गोलमटोल, हसतमुख, कुणाला उलटून न बोलणारा माणूस. सासूबाई नदीतून गोटे काढतात आणि विकायला मात्र रविवारची वाट बघतात हे पाहून त्यानंच सुचवलं होतं की आपण ट्रकनं लांब नेऊन विकू. पहिल्या खेपेला तो तिचेच गोटे घेऊन गेला होता. पुढं त्यानं मागितले नाहीत. तिनंही विचारलं नाही. वाटलं, धंदा चालला नसेल.

अंगणात शिरताच माशांचा घोंगाट कानावर आला. द्राक्षाच्या मांडवाखाली अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप होतं, त्यात इंजिनातलं जळकं तेल. बाजूला बुटाच्या काळ्या पॉलिशचे उघडे डबे. मातीच्या भिंतीलगत तेल पाजलेले पाटे-वरवंटे ओळीनं वाळत ठेवलेले. आणि कोपऱ्यात, नुकताच आणून टाकलेला, लाल गोट्यांचा ओला ढीग. ऊन तापलं होतं आणि त्या ढिगातून उबट, सडका वास येत होता. एका गोट्याला चरबीचा पांढरट पापुद्रा चिकटून होता. एक कोंबडी पाय रोवून तो ओढत होती. पापुद्रा ताणला गेला, तुटला, आणि कोंबडी तो गिळून पुढच्याकडे वळली.

"या, या, सासूबाई," विल्बेर उठून म्हणाला. "नेल्वा, आईला बसायला दे. आज बाजार लवकर उठला वाटतं?"

नेल्वा ओट्यावर बसून चिंधीनं पॉलिश चोळत होती. बोटं मनगटापर्यंत काळी. तान्ही मुलगी मागे घोंगडीवर झोपली होती. नेल्वानं मान वर केली, आईच्या हातातलं फडकं पाहिलं, आणि परत चोळायला लागली.

निकानोरानं फडकं सोडलं. "हा काय आहे?"

"वरवंटा," विल्बेर म्हणाला.

"खाटीकखान्याच्या ओढ्यातला."

"असेल. नदी एकच आहे, सासूबाई. वरचं पाणी खालीच येतं."

"लाल दगड आहे हा. वाळू सोडतो. आणि वर हे काळं फासलंय."

"लोकांना काळा दगड लागतो," तो समजावण्याच्या सुरात म्हणाला. "लाल दाखवला तर नको म्हणतात. मी काळा करून देतो. ते खूश, मी खूश. तुमचा राखाडी गोटा घडवायला दिवस जातो, टाकी बोथट होते. हा एका बैठकीत घडतो. मी कुणाच्या घरात शिरून चोरी तर करत नाही ना?"

"माणसं खातात यावर वाटून."

"आम्ही धुतो की ते. साबणानं धुतो. मी स्वतः खाईन त्यावरचं, त्यात काय."

जावयाला ती आजवर अहो-जाहो करत आली होती. आता तोंडातून एकेरी निघालं. "खा मग. माझ्यासमोर वाट आणि खा."

तिला वाटलं होतं, तो चुळबुळ करेल, काहीतरी कारण काढेल. निदान खाली बघेल. विल्बेर हसला, म्हणाला, बरं, भूक लागलीच आहे, आणि घरात जाऊन टोमॅटो, दोन लोकोतो आणि सकाळचे उकडलेले बटाटे घेऊन आला. पाटाही त्यानं वाळणाऱ्यांतलाच घेतला. पुढ्यात ठेवून त्यानं वरवंटा दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे डोलवायला सुरुवात केली. मिरची चिरडली, टोमॅटोचं पाणी सुटलं, आणि त्या पाण्यावर तेलाचा सातरंगी तवंग पसरला. वाटण जसजसं बारीक होत गेलं तसतसं ते लाल होण्याऐवजी विटकरी होत गेलं. दगडाचा खरखर आवाज येत होता.

बटाटा फोडून त्यानं त्यात घोळवला आणि तोंडात टाकला. निकानोरा दोन हात लांब उभी होती, तरी त्याच्या दाढेखाली वाळू कचकचताना तिला ऐकू आली. तो शांतपणे चावत राहिला. गिळलं. बोट चाटलं.

"जरा मीठ कमी आहे," तो म्हणाला. "नेल्वा, घे."

नेल्वानं चिंधी खाली ठेवली. त्या काळ्या बोटांनीच अर्धा बटाटा उचलला, वाटणात बुडवला आणि आईच्या डोळ्यांत बघत खाल्ला. तिच्याही तोंडातून तोच आवाज आला.

निकानोरा मांडवाच्या खांबाला धरून ओकली. पोटात फारसं काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. विल्बेर लगबगीनं तांब्या घेऊन आला आणि पाठीवर हात ठेवायला लागला. "उन्हाचा त्रास आहे, सासूबाई. सावलीत बसा जरा." तिनं त्याचा हात झटकला. त्या तांब्यातलं पाणीही तिच्यानं तोंडाला लावलं नाही.

घरी जाताना ती स्वतःला एकच गोष्ट सांगत राहिली. पोरीला दगड कळत नाही. लहानपणी नदीवर न्यायचे तेव्हा ही पाण्यात पाय सोडून वेण्या घालत बसायची. हा लाल, हा राखाडी, हे तिला कुठून ठाऊक असणार? नवरा म्हणतो चोळ, ती चोळते. नवरा म्हणतो खा, ती खाते. चूक आहे, पण गाढवाची चूक आहे.

एवढ्या आधारावर तिला त्या रात्री झोप लागली.

पुढच्या रविवारी निकानोरानं बाजारात उघड सांगितलं. ज्यांनी ज्यांनी विल्बेरकडून वरवंटा घेतला असेल त्यांनी घेऊन यावा, पाणी टाकून बघावा. दगड पाणी पीत असेल तर तो फेकावा आणि माझ्याकडून दुसरा न्यावा. बायका आल्या. काही रागानं, काही मजा बघायला.

"स्वतःच्याच लेकीच्या पोटावर पाय देतेस, निका," शेजारी चीज विकणारी म्हातारी म्हणाली.

"तिच्या पोटात काय गेलं ते मी बघितलंय," निकानोरा म्हणाली.

"आणि तुझ्या नदीचं नाव खराब झालं ते वेगळंच," दुसरी म्हणाली. "आता तुझा चांगला दगडसुद्धा मी चाटूनच घेणार बाई." सगळ्या हसल्या. निकानोराही जराशी हसली, पण जिभेवर ती जुनी चव लगेच आली.

त्या बाजारात विल्बेर परत दिसला नाही. तो थांबला असेल असं तिला वाटलं. मग एक दिवस पोतोसीच्या बसचा चालक तिच्या पोत्यापाशी उभा राहिला आणि कौतुकानं म्हणाला, "दोन्या निकानोरा, तुमचं तर पोतोसीत दुकान लागलंय. मोठी पाटी आहे. दोन्या निकानोराचे अस्सल नदीचे पाटे-वरवंटे."

ती दुसऱ्याच सकाळी त्याच्या बसनं गेली. डोंगर चढता चढता थंडी वाढली आणि कान दुखायला लागले. बाजारात तिनं पाटी लांबूनच ओळखली. निळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव. तिला लिहिता-वाचता यायचं ते फार नाही, पण स्वतःचं नाव कळत होतं. पाटीखाली काळे वरवंटे रचलेले, त्यांच्यामागे लोकरीची टोपी घातलेला विल्बेर.

"अरे, सासूबाई," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "या हवेत नुसती शाल घेऊन आलात? थांबा, काहीतरी गरम मागवतो."

तिथं एक बाई वरवंटा हातात घेऊन वजन बघत होती. निकानोरानं तिच्या हातून तो घेतला, आपल्या सुरीनं खरवडला आणि पिशवीतल्या बाटलीतून त्यावर पाणी सोडलं.

"बघा बाई. पाणी पितोय. काळा नाही हा, रंगवलाय. निकानोरा मी आहे. हा माझा दगड नाही. कत्तलीच्या घाणीतून उचललेला आहे. वास घ्या."

बाईनं वास घेतला. नाक मुरडलं. मग ती विल्बेरकडे वळून म्हणाली, "मग जरा कमी करा ना भाव."

विल्बेरनं भाव कमी केला. बाईनं तो घेतला, आणि जाता जाता निकानोराला म्हणाली, "वहिनीला द्यायचाय. तिला कुठं काय कळतंय."

निकानोरा तिथंच उभी राहिली. विल्बेरची तिला एवढी किळस आली नव्हती जेवढी त्या स्वच्छ कपड्यांतल्या, नीट वेणी घातलेल्या बाईची आली. विल्बेरनं खरंच गरम आपी मागवलं होतं, जांभळ्या मक्याचं, दालचिनी घातलेलं. तो पेला तिच्या हातात कोंबत होता. "घ्या, सासूबाई. जग असंच आहे. तुम्ही उगाच जीव जाळता." त्याच्या आवाजात खरी माया होती, आणि तीच तिला सहन होईना. तिनं पेला फळकुटावर ठेवला, मागच्या लाकडी पेटीवर चढून पाटी ओढून काढली आणि काखेत मारून बसथांब्याकडे चालू लागली. तो मागे आला नाही. पाटी काय, दुसरी रंगवता येते.

मग बरेच दिवस कुणाकडून काही कळलं नाही. नदीचं पाणी उतरलं, बेटं उघडी पडली, गोटे वेचायला चांगले दिवस आले. एका सकाळी निकानोरा गुडघाभर पाण्यात होती तेव्हा काठावर नेल्वा येऊन उभी राहिली. पाठीवर झोळीत लेक. अंगात धुतलेले कपडे, बोटंही स्वच्छ.

निकानोराच्या मनात नको म्हणता म्हणता आशा उगवली. ती पाण्याबाहेर आली, पदर नीट केल्यासारखा एप्रन झटकला आणि नातीच्या पायाला हात लावला.

"बरी आहेस?"

"बरी आहे. हिला आता वरचं खायला सुरू केलंय," नेल्वा म्हणाली. "शेंगदाण्याचं सूप आवडतं हिला. पण घरात वाटायला धड दगड नाही."

निकानोराला क्षणभर अर्थच लागला नाही. "घरात? तुमच्या घरात तर ढिगानं दगड आहेत."

"ते विकायचे. हिच्यासाठी चांगला हवाय."

नदीचा आवाज चालू होता. निकानोरानं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं लाज नव्हती, उद्धटपणाही नव्हता. मिठाच्या पुडीसाठी शेजारी यावं तशी ती आली होती.

"हा घे, इथलाच कुठलातरी," निकानोरा म्हणाली आणि पायाशी वेचून ठेवलेल्या गोट्यांकडे हात केला. त्यांत अजून न निवडलेले दोन-तीन कच्चेही होते. पोरीला कळत नाही, हा आधार तिनं अजून सोडला नव्हता.

नेल्वानं त्या गोट्यांकडे नुसती नजर टाकली. "हे सगळे मोठे आहेत," ती म्हणाली. चपला काढून, झोळी घट्ट करून ती पाण्यात उतरली. काठाजवळचे लाल गोटे तिनं पाहिलेही नाहीत. बेटाच्या वरच्या टोकाला, जिथं लांबून आलेले दगड साचतात तिथं, ती सरळ गेली. एक उचलला, टाकला. दुसरा उचलून कानापाशी धरला आणि लहान गोट्यानं वाजवला. बद्द बोलला, टाकला. तिसरा टणकन् बोलला. तो तिनं पाण्यातून वर काढून वाऱ्यावर धरला आणि तो कसा सुकतो ते बघत राहिली. सगळीकडून सारखा सुकला, कुठं ओला डाग धरून राहिला नाही. मग बोटानं त्यावरच्या फिकट पट्ट्या चाचपल्या, त्या वाटायच्या बाजूला आडव्या येत नाहीत ना हे पाहायला. आडव्या आल्या तर पापुद्रे सुटतात. झोळीतून लिंबाची फोड काढून त्यावर पिळली. फेस आला नाही. चुन्यानं बांधलेला दगड असता तर आला असता, आणि तो टोमॅटोच्या आंबटपणानं झिजत गेला असता.

ती लिंबू घरून घेऊन आली होती.

सगळ्यात शेवटी नेल्वानं आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं, दगड धुतला आणि झटकन जीभ लावली.

निकानोरानं बाजारात नेला असता तर त्या महिन्यातला सगळ्यात चांगला गोटा तो ठरला असता.

"तुला कधीपासून कळतं हे?" तिनं विचारलं.

"लहानपणापासून. तू काम करताना स्वतःशी मोठ्यानं बोलायचीस ना. हा पितो, हा बद्द आहे, हा लांबचा आहे. ऐकून ऐकून पाठ झालं."

"मग तिकडचे ते लाल..."

"तेपण मीच निवडते," नेल्वा म्हणाली. "विल्बेरला कुठं काय कळतंय. तो आधी कुठलाही उचलायचा. पक्क्या दगडात पॉलिश मुरत नाही, वरच राहतं, हाताला लागतं. नीट पिणारा दगड लागतो. तो पिणारा पण असला पाहिजे आणि घडवताना फुटणारा नको. ते बघावं लागतं."

निकानोरा वाळूत बसली. बापानं तिला शिकवलेलं, तिनं बडबडत बडबडत पोरीच्या कानात घातलेलं, ते सगळं पोरीनं नीट घेतलं होतं. एक कणही सांडला नव्हता. आणि ते असं उलटं करून वापरलं होतं, चिरलेल्या जनावराचं कातडं आत-बाहेर करावं तसं.

"तुला घाण नाही वाटत, नेल्वा?"

नेल्वा पाय पुसत होती. ती थांबली. "वाटते. वास येतो त्यांना. हात कितीही धुतले तरी राहतो." मग चपलेतली वाळू झटकत म्हणाली, "पण मला तुझीपण वाटायची, आई. शाळेत पोरी म्हणायच्या, हिची आई दगड चाटते. नदीतले. तू मला त्याच तोंडानं पापा द्यायचीस. मी पापा पुसून टाकायची. तुला कधी कळलं नाही."

"नाही कळलं."

"आणि दिवसभर थंड पाण्यात उभं राहून तू आणायचीस काय, तर दोन गोटे. त्या दोन गोट्यांत काय यायचं ते मला ठाऊक आहे. मला तसं म्हातारं व्हायचं नव्हतं."

"ते कुणी खातं, पोरी. तुझ्यासारखंच कुणाचंतरी तान्हं खातं."

"हो," नेल्वा म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही. झोळीतली मुलगी चुळबुळली, तशी तिनं खांदा हलवून तिला थोपटलं, गोटा झोळीच्या दुसऱ्या अंगाला अडकवला आणि चपला घातल्या. "हा घडवायला तुझ्याकडे ठेवू का? तुझी टाकी चांगली आहे."

"नको," निकानोरा म्हणाली. "तुझं तू घडव."

गोटा नदीचा होता. तिनं तो दिला नाही आणि अडवलाही नाही. नेल्वा चढ चढून रस्त्याला लागेपर्यंत ती बघत राहिली. मग पाण्यात उतरून तिनं तोंड धुतलं, चूळ भरली, परत भरली. त्या दिवशी तिनं आणखी काही वेचलं नाही.

पोतोसीचा धंदा चालू राहिला. पाटीवर आता दुसऱ्याच कुणा बाईचं नाव आहे असं बसचालकानं सांगितलं, बहुधा अशी कुणी बाईच नसावी. निकानोरा रविवारी बाजारात बसत राहिली. गिऱ्हाइकं आता तिच्यासमोर दगडावर पाणी टाकून बघत. ती स्वतःच बाटली पुढं करी. फक्त दगडाला जीभ लावायची तिची सवय गेली. न्यायला जायची तोंडाशी, आणि मध्येच हात थांबायचा. मग ती कानानं आणि पाण्यानं भागवायची, आणि क्वचित एखादा कच्चा गोटा तिच्या हातून सुटूनही जायचा.

मक्याची कापणी झाल्यावर एका दुपारी नेल्वानं शेजारणीच्या हाती झाकलेलं भांडं पाठवलं. शेंगदाण्याचं सूप होतं, अजून गरम, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या. निकानोरानं चमचाभर तोंडात घेतलं आणि जिभेवर घोळवलं. इतकं मऊ वाटलं होतं की वाळूचा कण सोडा, शेंगदाण्याची कणीही लागत नव्हती. टाकी चांगली मारली होती पोरीनं. दगड उत्तम होता.

तिनं तो घास गिळला नाही. दारात जाऊन थुंकला, उरलेलं सूप मातीत ओतलं, भांडं राखेनं घासून लखलखीत केलं आणि शेजारणीच्या हाती परत पाठवलं.

"काय सांगू तिला?" शेजारणीनं विचारलं. "आवडलं म्हणू?"

"भांडं पोचलं म्हण," निकानोरा म्हणाली आणि टाकी घेऊन अंगणात बसली.